जळणे आणि जाळणे

हिंगणीच्या अण्णाजींनी आयुष्यभर संस्कृत शिकवले. निवृत्तीनंतर ते ओसरीवर बसून मुलांना इंग्रजी व्याकरणही सांगत. भाषा कोणतीही असो, आधी क्रियापद शोधावे, मग त्याला ‘काय?’ असे विचारावे. उत्तर मिळाले तर ते कर्म, न मिळाले तर क्रियापद अकर्मक, ही त्यांची रीत.

त्या दिवशी पौर्णिमा एकटीच आली होती. तिचा बाप कवडू शेतातल्या झोपडीत जळून मेला, त्याला महिना होत आला होता. त्याच्याच बिडीने आग लागली, असे पोलिसांनी ठरवले. शेजारच्या शेताचे धनी म्हणून अण्णाजींना विचारले, तेव्हा ‘झोपडी जळाली’ एवढेच ते बोलले. दोन शेतांमधल्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणाने पिसाळलेल्या आपल्या पुतण्याला, सचिनला, काडी ओढताना त्यांनी पाहिले होते. ते त्यांनी गिळले.

“द कुक बर्न्ट द राईस,” पौर्णिमेने वाचले. “बर्न्ट क्रियापद. काय जाळलं? भात. म्हणजे राईस कर्म.”

“योग्य.”

“अन् नुसतं द राईस बर्न्ट?”

“तेथे अकर्मक. आपल्याकडे जळणे आणि जाळणे असे दोन शब्द आहेत. इंग्रजी एकावरच भागवते.”

“मंग त्यात कर्ता कोन, गुरुजी?”

“भात.”

“जो जळला तोच कर्ता?” ती किंचित हसली. “माह्या बाबासारखं झालं. मेला बी तोच, अन् गुन्हा बी त्याचाच.”

वाणीला असत्याचा स्पर्श होऊ देऊ नये, ही अण्णाजींच्या गुरूंची शिकवण. ‘झोपडी जळाली’ हे त्यांचे वाक्य निर्दोष होते, आणि त्या निर्दोष वाक्याने मृतावरच त्याच्या मरणाचा आळ ठेवला होता.

“झोपडी जाळली,” ते हळूच म्हणाले. “मी पाहिले.”

“कोनं?”

“सचिनने.”

पौर्णिमेने पुस्तक मिटले.

“हे ठाण्यात सांगसान?”

“सांगेन.”

“मंग आत्ताच चाला. सांज झाली का तुमी पुन्हा शुद्ध बोलाले लागसान.”

अण्णाजी उठले. दारात सचिन उभा होता.

“काकाजी, कुठं चालले? जेवाले वाढलं हाये.”

अण्णाजींच्या वहाणा त्याच्या पायांशी होत्या. ते अनवाणीच ओसरी उतरले. पौर्णिमा पुढे चालत होती, आणि मागून सचिन येत होता.