गड्याचा रोज

ऐन फवारणीच्या दिवशी श्रावण अचलपूरला सासुरवाडीला निघून गेला आणि शेतमालक खुशालरावांचा जीव टांगणीला लागला. तुडतुड्यांनी पराटीची, म्हणजे कपाशीची, पानं लाल पडत चाललेली, आभाळ उघडलेलं, औषध आणून ठेवलेलं आणि पंप पाठीवर घ्यायला एक गडी कमी.

सीमा पाण्याच्या ड्रमजवळ उभी होती. पाणी वाहायचं, औषध कालवायचं, पंप भरून गड्यांच्या पाठीवर चढवून द्यायचा, हे बाईचं काम. पंप भरणारीला पंप मारता येणार नाही, हे कोणी ठरवलं कोण जाणे! बंडूचा, म्हणजे नवऱ्याचा, जुना शर्ट तिनं साडीवर घातलेलाच होता, तोंडाला दुपट्टा होता. "आना इकडं," म्हणाली आणि श्रावणचा पंप तिनं पाठीवर घेतला.

"पडशीन ना वं!" शेजारच्या तासातून, कपाशीच्या ओळीतून, बंडू हसला.

ती पडली नाही. दिवसभर गड्यांच्या बरोबरीनं तिनं तास काढले. दुपारी भाकरी खाताना बंडूच सगळ्यांना सांगत होता, "पाहा बाप्पा, माही बायको."

संध्याकाळी गड्यांच्या हातावर पाचशे पडले, तिच्या हातावर अडीचशे.

"मालक, मी तं गड्याचं काम केलं."

"केलं ना. झकास केलं," खुशालराव मनापासून म्हणाले. "पन गड्याचा रोज गड्याले, बाईचा बाईले. हे काय म्या ठरोलं? गावानं ठरोलं." ते खोटं नव्हतं. पेरणीच्या आधी पारावर दोनच रोज ठरतात, कामाचा रोज असा कधी ठरतच नाही. त्यांनी खिशातून आणखी पन्नास काढून दिले. माणूस वाईट नव्हता, आणि म्हणूनच त्याच्याशी भांडताही येत नव्हतं.

"तुमी काहून नाई बोलले?" वाटेत तिनं बंडूला विचारलं.

"उद्या मले काम पायजे ना?" बंडू म्हणाला.

पुढच्या फवारणीला खुशालरावांचा निरोप आला, अजून तिघीजणी घेऊन ये, प्रत्येकीला तीनशे देतो. सीमाला आनंद झाला. एकटीचं कोण ऐकतं? चौघी मिळून मागितलं तर द्यावंच लागेल. तिनं शेजारच्या गीतांजलीला आणि आणखी दोघींना घरच्या अंगणात पंपात साधं पाणी भरून शिकवलं. वारा पाहून कसं चालायचं, नळी कशी धरायची, सगळं. शिकवताना ती इतकी खुशीत होती की आता आठवलं तरी तिला स्वतःचाच राग येतो.

फवारणीच्या दिवशी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तिनं खुशालरावांपुढं तोंड उघडलं, "गड्याचा रोज द्या, नाई तं पंप उचलत नाई."

मागे वळून पाहते तर गीतांजलीनं पंप चढवलेला.

"निंदनात दिवसभर वाकून अडीचशे भेटते, माय. इथं उभ्यानं तीनशे. तुह्यापायी मी घरी बसू का?"

लेकरंबाळं तिलाही होतीच. सीमानंही गुमान पंप उचलला.

मग काय, गावभर हीच तऱ्हा सुरू झाली. तीनशेत बाई मिळत असताना पाचशेचा गडी कोण लावील? बंडू चार दिवस तिवस्याला कामाला म्हणून जाऊन रिकाम्या हातानं परतला. पाचव्या दिवशी गेलाच नाही, खाटेवर पडून राहिला.

एका सकाळी ती निघाली तेव्हा खाली मान घालून तो म्हणाला, "खुशालरावले विचारून पाय. बाईच्या रोजानं बी येतो मनावं."

शेतावर पोचल्यावर तिनं विचारलं.

खुशालराव दचकलेच. "काय बोलतं, सीमाबाई! बंडूले बाईचा रोज देऊ? लोक थुकतीन माह्यावर. गड्याची इज्जत हाये का नाई काई?"

"आन माही?"

"तुही काय?" त्यांनी विचारलं. ते तिला टोमणा मारत नव्हते. तिनं काय विचारलं हे त्यांना खरंच कळलं नव्हतं. ते ड्रमकडे निघूनही गेले.

संध्याकाळी बंडू दारातच उभा होता.

"का मने खुशालराव?"

"मानसं पुरे हायेत मने."

"रोजाचं त नाई ना सांगतलं तू त्याले? बाईच्या रोजाचं? सकाळी उगाच निंघालं माह्या तोंडातून."

"नाई," सीमा म्हणाली.

"बरं केलं," बंडू म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा सैल पडला. तिनं चूल पेटवली आणि त्याच्याकडे पाठ करून भाकरी थापायला घेतली.