अर्धं वेळापत्रक

परीक्षक बाईंनी आम्हा नवरा-बायकोपुढे एकेक कार्ड ठेवलं. दोन्हींवर एकाच शाळेचं वेळापत्रक, पण अर्धं अर्धं. एकमेकांना स्पॅनिशमध्ये विचारून रिकाम्या चौकटी भरायच्या. गुण वेगवेगळे, आणि जो गप्प बसेल तो नापास.

नापास झालेल्याला वर्षभर लेकीकडे, परदेशी, जायची परवानगी नाही. तिकडे लेकीचे दिवस भरत आले होते. एकाने जायचं आणि दुसऱ्याने मागे राहायचं, हे मला नको होतं.

सुरुवातीला बाईंनी मला विचारलं, इतिहासाचा तास कधी? मी तोंड उघडायच्या आत हे बोलले, "एल मार्तेस!" म्हणजे मंगळवारी. बत्तीस वर्षं हेच चाललंय. डॉक्टर मला विचारतात कुठे दुखतं, सांगतात हे. पुढचा प्रश्नही ह्यांनीच पळवला. बाईंनी माझ्या नावापुढे फुली मारली, ती मला उलट्या बाजूनेही दिसली.

माझं डोकंच फिरलं. "अहो, गप्प बसा की!" आपल्याच भाषेत, खणखणीत.

आणि हे खरंच गप्प बसले. कान लाल, नजर टेबलावर. आता एकमेकांना विचारायची पाळी आली. मी विचारलं, विज्ञान कधी? उत्तर नाही. चित्रकला? नाही. महिनाभर भाजी निवडत आम्ही अशाच वेळापत्रकांचा सराव केला होता, ह्यांना वार, विषय, वेळा सगळं तोंडपाठ होतं. पण रुसवा नाकावर येऊन बसला होता. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, दोन बोटं दाखवली. दोनच मिनिटं उरली होती.

विनवण्या करून उपयोग नव्हता, त्याने हे आणखी फुगतात. पण मी चुकीचं बोलावं आणि ह्यांनी ते ऐकून घ्यावं, हे आजवर घडलेलं नाही.

म्हणून मी ठासून म्हटलं, "तेनेमोस मुसिका एल दोमिंगो." रविवारी आपल्याला संगीत आहे.

बाईंचं पेन माझ्या कागदावर चाललं. गुण गेले. ह्यांची मान मात्र झटकन वर आली. "नो! एल ह्वेवेस! आ लास दिएस!" गुरुवारी, दहा वाजता! आणि मग जे सुटले ते थांबेचनात. विज्ञान, चित्रकला, मधली सुट्टी, शुक्रवारचा खेळाचा तास, सगळं.

निकाल तासाभराने लागला. पास व्हायला साठ हवे होते. ह्यांना अठ्ठ्याहत्तर, मला बरोब्बर साठ.

ह्यांनी तिथेच लेकीला फोन लावला. "दोघंही पास! पण तुझ्या आईने रविवारी शाळा भरवली!" हसून हसून ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पलीकडून ती काहीतरी म्हणाली आणि ह्यांचं हसू ओसरलं. फोन खाली घेऊन हे माझ्याकडे वळले.

"ती म्हणतेय, आई रविवार कशी चुकेल?"

मी पर्सची चेन लावत राहिले.

"अगं, एक गुण कमी पडला असता तर तू नापास झाली असतीस."

"तुम्ही तरी पोचला असता तिच्यापाशी," मी म्हटलं.

ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तूच बोल तिच्याशी."