मिजासीच्या काड्या

सकाळपासून माझं सगळं लक्ष घड्याळात होतं. सभागृहाच्या दाराशी आमच्या रोपवाटिकेचं टेबल, टेबलावर पुठ्ठ्याची पेटी, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात मी एक कागद द्यायचा. जुन्या जातींची फळझाडं जपणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? खूप, थोडं की मुळीच नाही? लोक 'खूप'वर खूण करत, "फार छान काम करता हो तुम्ही" म्हणत आणि शेजारी ठेवलेल्या रोपांकडे न बघता चहाकडे वळत. फुकट वाटायच्या तीस रोपांपैकी दोन गेली, त्यातलं एक परत आलं. बाल्कनीत मावेना म्हणे.

माझा जीव ताईच्या परसात अडकला होता. तिथल्या नासपतीचं कलम बाबांनी बांधलेलं. तोडल्यावर तीन आठवडे फळाला दात लागत नसे, मग एका दिवसात असं गोड होई की शेजारीपाजारी वाट्या घेऊन येत. आईने तिला मिजासी नाव ठेवलं होतं. त्या जातीचं दुसरं झाड मला आजवर कुठे सापडलेलं नाही. पण तिच्या मुळांनी ताईच्या मोरीचा पाइप तीनदा फोडला, आणि आज दुपारी झाड तोडायला माणसं यायची होती. त्याआधी शेंड्याच्या चार काड्या मिळाल्या असत्या, तर नव्या खुंटांवर बांधून मिजासी जगवता आली असती.

अकराला निघतो म्हटलं, तर आमच्या रोपवाटिकेच्या मॅडम म्हणाल्या, "जरा थांबा ना, आत्ताच गर्दी आहे. तुमच्याइतकं समजावून कोण सांगणार?" मी गाढव, फुशारून थांबलो. पावणेबाराला पेटी भरली म्हणून कागद बाहेर काढले, तर त्यात ताईचं गिचमीड अक्षर. मी मागे रोपं उतरवत असताना ती येऊन गेली असणार. 'खूप'वर खूण, आणि खाली लिहिलेलं: पण पाइपचं काय? मला हसू आलं आणि लगेच नजर घड्याळाकडे गेली. कागद खिशात कोंबून, कुणाला न विचारता मी बाहेर पडलो. बस दुसऱ्या सिग्नलला अडकली, तेव्हा उतरून सरळ पळत सुटलो.

परस उघडंबोडकं झालं होतं. जमिनीलगत कापलेला बुंधा आणि सगळीकडे सांडलेला भुसा. फांद्या तिथेच यंत्रात घालून, पोती भरून माणसं निघूनही गेली होती.

"ताई, दुपारी म्हणाली होतीस!"

"त्यांना लवकर जमलं. तोंड कशाला पाडतोस? तुझं काम करून ठेवलंय मी." तिने स्वयंपाकघरातून ओल्या फडक्यात गुंडाळलेली जुडी आणली. दहा-बारा काड्या, सरळ, पेन्सिलीएवढ्या जाड, मी नेहमी सांगतो तशा. फक्त त्यांना काटे होते. मिजासीला काटा नव्हता.

"कुठून काढल्यास?"

"बुंध्याशी फुटल्या होत्या ना, त्या. माणसं यायच्या आधीच चांगल्या तरतरीत बघून घेतल्या."

बाबांनी ज्या जंगली खुंटावर कलम बांधलं, त्याचे ते फुटवे. त्यांचा मिजासीशी काडीचा संबंध नव्हता.

"वरच्या नाही घेतल्यास?" माझा आवाज चढलाच.

"या गुडघ्यांनी वर चढू? सहा वर्षं सांगतेय, ये आणि हव्या तेवढ्या काड्या घेऊन जा. दर वेळी तुझं आपलं, पुढच्या हिवाळ्यात." मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "चालतील ना रे या?"

मी फडकं पुन्हा घट्ट गुंडाळलं.

"चालतील," मी म्हणालो आणि जुडी पिशवीत घातली. सकाळी पेटी उघडल्यावर तिच्यात सगळ्यात पहिला कागद मीच टाकला होता. 'खूप'वर खूण करून.