आरसा नसलेला कॅमेरा

चष्म्याने तो कॅमेरा स्टुडिओच्या काउंटरवर ठेवला, तेव्हा खटक्याची बायको म्हणाली, "साबणाची डबी छान आहे हो."

वीस वर्षं स्टुडिओत काढलेल्या बाईला कॅमेरा ओळखू येत नाही, असं काही नव्हतं. पण चष्म्याला ते लागलं. "वहिनी, ह्या साबणाच्या डबीच्या पैशात तुमचं नवं प्रिंटिंग मशीन येईल. वर एक पंखासुद्धा."

"मग मशीनच आणायचं ना! पंखा आम्ही घेतला असता."

ही पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. चष्म्या आणि खटक्या ही नावं दोघांना एकाच उस्तादाने एकाच आठवड्यात दिलेली. एका जुन्या फोटोग्राफरकडे दोघं उमेदवारी करत होते. एकाच्या डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखी भिंगं, म्हणून तो चष्म्या. दुसऱ्याला समोर काही हललं की बटण दाबल्याशिवाय राहवत नसे, रोलच्या रोल फस्त करायचा, म्हणून तो खटक्या. पुढे चष्म्याने नाटकांचे फोटो काढून नाव कमावलं. खटक्याने लग्नं, पासपोर्ट आणि शाळांचे ग्रुप फोटो यांवर घर उभं केलं. पुढे स्टुडिओ, मागे तीन खोल्या. दोघांची पन्नाशी जवळ आली तरी उस्तादाने दिलेली नावं काही सुटली नव्हती.

खटक्याने कॅमेरा हातात घेतला. दिसायला एवढासा, पण वजनाला पक्का. जुन्या फिल्मच्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याचं रूप तेच, फक्त पोटात फिल्मऐवजी डिजिटलचं यंत्र. खिडकीतून पाहिलं की मधोमध एक फिकट चौकोन, आणि त्या चौकोनात सगळं दोन-दोन दिसायचं. दोन बायका, दोन कात्र्या, दोन कॅलेंडरं. भिंगाचं कडं फिरवत दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसवायच्या. बसल्या की फोकस झाला.

"आपोआप काहीच होत नाही?" बायकोने विचारलं.

"काही नाही," चष्म्या म्हणाला. "झूम नाही. हातभर अंतराच्या आत आलेलं याला दिसत नाही. धावणारं पोर पकडायला जाल, तर पोर घरी जाऊन जेवून झोपेल. लग्नात नेलात तर हारबीर सगळं होऊन जाईल आणि तुम्ही अजून कडं फिरवत बसाल. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ना, इथे कोंबडीसुद्धा बारा आण्यांचीच."

"विकायला आलायस की मोडता घालायला?" खटक्या हसला.

"आता फायदा ऐक." चष्म्याने आवाज खाली आणला. "तुझा मोठा कॅमेरा घे. बटण दाबलंस की आतला आरसा वर उडतो. खाटकन आवाज होतो आणि डोळ्यासमोर क्षणभर अंधार. म्हणजे ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण आपल्याला दिसत नाही. तीस वर्षं आपण न पाहिलेल्या गोष्टींचे फोटो काढतोय लेका! याच्यात आरसाच नाही. बटण दाबतानाही समोरचं दिसत राहतं. आणि आवाज म्हणशील तर कुणी गालातल्या गालात जीभ हलवल्याएवढा."

त्याने कॅमेरा खटक्याच्या बायकोकडे रोखून बटण दाबलं. तिला कळलंही नाही.

खटक्याने हात पुढे करून कॅमेरा परत घेतला. मग म्हणाला, "तू का विकतोयस? वर्षसुद्धा झालं नाही घेऊन."

चष्म्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "उजव्या डोळ्यात मधोमध डाग आलाय. नेमका जिथे तो चौकोन दिसायला हवा तिथेच. डॉक्टर म्हणतात, वाढेल." मग घाईघाईने, "ते सोड. तुला पासपोर्ट फोटोंसाठी हा नकोय. कुणासाठी बघतोयस?"

खटक्याने मागच्या दाराकडे पाहिलं. आतून खोकल्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला.

मागच्या खोलीत अण्णा होते, त्याचे वडील. अण्णा कोट शिवणारे शिंपी. चाळीस वर्षं त्यांनी आख्ख्या पेठेला कोट घातले होते. आता फुप्फुसातला आजार हाडांत उतरला होता. डॉक्टरांनी खटक्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं की आता दुखणं कमी ठेवायचं, बाकी हातात काही नाही. हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं आणि अण्णांनी कुणाला विचारलं नव्हतं. "कसं वाटतंय?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "झकास!"

खटक्याकडे अण्णांचे शेकडो फोटो होते आणि सगळे मिळून एकच होता. मोठा कॅमेरा दिसला रे दिसला की अण्णा वरचं बटण लावायचे, हनुवटी उचलायचे, दोन्ही खांदे एका पातळीत आणायचे आणि श्वास धरून बसायचे. हसत असले तर हसू गिळायचे. वडिलांचा खरा चेहरा आपल्याकडे नाही आणि आता दिवस थोडे आहेत, या विचाराने खटक्याची झोप उडाली होती. फोटोग्राफरच्या घरी बापाचा एक धड फोटो नसावा!

"पंधरा दिवस वापरून बघ," चष्म्या म्हणाला. "मग ठरव."

पहिले चार दिवस खटक्याचे नुसते वाया गेले. सगळे फोटो हललेले नाहीतर अंधुक. अण्णांना त्या कॅमेऱ्याचं काहीच वाटलं नाही. "हे काय, पोरांचं खेळणं?" एवढंच त्यांनी विचारलं. मोठा काळा कॅमेरा नाही म्हणजे फोटो नाही, असं त्यांनी धरलं असावं. पाचव्या दिवशी खटक्याचा हात बसला. अण्णा सुईत दोरा ओवताना, ओठ पुढे काढून. अण्णा सुनेच्या कुठल्यातरी टोमण्याला खळखळून हसताना, दातांची कवळी न लावता. अण्णा उन्हात पाय पसरून वर्तमानपत्र तोंडावर घेऊन. बायकोने ते फोटो कॉम्प्युटरवर पाहिले आणि म्हणाली, "आपलं मशीन गेलं म्हणायचं." पण हसत म्हणाली. दुसऱ्यांदा पाहताना तिने पदर डोळ्याला लावला.

नवव्या दिवशी सकाळी बायको बाजारात गेली होती. खटक्या स्टुडिओ उघडायच्या आधी कॅमेरा गळ्यात घालून मागे आला. अण्णांच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. अण्णा पलंगाच्या कडेला बसले होते. शर्टाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत होती. एका हाताने त्यांनी पलंगाची कड धरली होती, दुसऱ्या हाताने टॉवेलाचा बोळा करून तोंडात कोंबला होता आणि त्यावर जबडा आवळून ते डोळे फाडून समोरच्या भिंतीकडे बघत होते. आवाज जराही नव्हता. सकाळचं ऊन बाजूने तोंडावर पडलं होतं.

खटक्याचा हात आपोआप वर गेला. चौकोनात दोन अण्णा दिसले. त्याने कडं फिरवलं. जरा पुढे गेलं. परत मागे घेतलं. दोन अण्णांचे एक अण्णा झाले, आणि त्याने दाबलं. आरसा नव्हता, अंधार झाला नाही. दुखण्याची कळ वर चढत गेली, मानेच्या शिरा ताठ झाल्या, मग ती उतरली आणि अण्णांचं डोकं खाली पडलं. हे सगळं त्याला दिसलं. त्याने आणखी एक फोटो काढला.

मग तो पावलं न वाजवता मागे सरला. आपण गेलो तर त्यांना ओशाळल्यासारखं होईल, असं त्याने स्वतःला सांगितलं. दहा मिनिटांनी बाहेरूनच मोठ्याने हाक मारली, "अण्णा, चहा टाकू का?"

"टाक की!" आतून आवाज आला. "झकास!"

त्या संध्याकाळी चष्म्या आला. डावा डोळा स्क्रीनला चिकटवून त्याने तो फोटो बराच वेळ पाहिला. "लेका," तो म्हणाला, "आयुष्यात असा फोटो आपल्या दोघांपैकी कुणी काढला नाही. कॅमेरा घे, नको घेऊ, तुझी मर्जी. पण हा फोटो प्रदर्शनात लागला पाहिजे."

बायको मागे उभी होती. तिने फक्त एवढंच विचारलं, "हा काढलात तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"दारात."

"मग आत गेलात ना?"

"गेलो," खटक्या म्हणाला.

वीस वर्षांत तिला त्याचं खोटं ओळखता येऊ लागलं होतं. ती आत जाऊन भांडी घासायला लागली, आणि भांडी जरा जास्तच वाजत होती.

पुढचे दोन दिवस खटक्याने कॅमेरा कपाटात ठेवला. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांनीच विषय काढला. "ते खेळणं कुठे गेलं? सूनबाई म्हणाली, माझे फोटो काढलेस त्यात. दाखव की."

नाही म्हणायला काही कारण सुचेना. खटक्या त्यांच्या शेजारी बसला आणि कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर एकेक फोटो दाखवू लागला. सुईदोऱ्याचा फोटो पाहून अण्णा म्हणाले, "ओठ बघ कसे काढलेत, बदकासारखे." हसणारा फोटो पाहून म्हणाले, "दात तरी लावू द्यायचे होतेस." त्यांना मजा येत होती. पेपरवाल्या फोटोवर थांबायचं, असं खटक्याने मनाशी ठरवलं होतं. पण अण्णांनी स्वतःच बोट पुढे करून बटण दाबलं.

टॉवेल, उन्हात ताठलेली मान, विस्फारलेले डोळे.

अण्णांनी कॅमेरा स्वतःच्या हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. खटक्याला वाटलं, आता रागाने फुटतील. फुटावेत असंही वाटलं. त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "मी काढून टाकतो, अण्णा. कुणाला दाखवणार नाही."

अण्णांनी ते ऐकलंच नाही बहुतेक. "हे मंगळवारचं," ते म्हणाले. "फार होतं त्या दिवशी. तू दारात होतास होय?"

"हो."

"मला वाटलं, घरात कुणी नाही." ते थांबले. कॅमेरा त्यांनी चादरीवर हलकेच ठेवला. "यायचं होतंस रे आत."

खटक्या चादरीची सुरकुती बोटाने सरळ करू लागला.

"तुम्हाला कळू नये म्हणूनच मी तोंडात बोळा घालतो, ते खरं," अण्णा म्हणाले. "आयुष्यभर लोकांचे उतरलेले खांदे कापूस घालून सरळ केले, कुणाला कळू दिलं नाही. सवयच ती. पण तुला कळलंच होतं, तर यायचं होतंस. मी एकटाच होतो की नाही तिथे!"

रागावून नाही, तक्रारीनेही नाही. बाजारातून येताना साखर आणायची होतीस, असं म्हणावं तसं ते म्हणाले. त्यामुळेच खटक्या जागच्या जागी मोडला. अण्णांच्या मांडीवर डोकं ठेवून तो मोठ्याने रडला, आणि अण्णा त्याच्या मानेवर थोपटत राहिले. "असू दे," म्हणाले. "असू दे, बाळा. तुझाही हात त्या यंत्रातच अडकलेला."

दुसऱ्या दिवशी खटक्याने कॅमेरा परत केला. "परवडत नाही," म्हणाला. चष्म्याला वाटलं, किंमत उतरवायला घासाघीस करतोय. तो आणखी खाली उतरला, मग आणखी खाली. शेवटी खटक्याने त्याला सगळं सांगितलं. नंतर प्रदर्शनाचं नाव चष्म्याने पुन्हा कधी काढलं नाही. महिन्याभरात एका हौशी डॉक्टरने तो कॅमेरा विकत घेतला. पैसे हातात आल्यावर चष्म्या म्हणाला, "डॉक्टरचे डोळे चांगले आहेत." एवढंच.

अण्णा त्यानंतर सात आठवडे होते. रोज सकाळी स्टुडिओ उघडायच्या आधी खटक्या त्यांच्या खोलीत जाई. दोघांनी एक रीत शोधून काढली. खटक्या पलंगावर भिंतीला टेकून बसे आणि अण्णांना आपल्या छातीशी पाठ लावून बसवी, दोन्ही हात त्यांच्या पोटावरून गुंफून. तसं बसलं की त्यांना श्वास घेता येई. कळ आली की अण्णा त्याच्या मनगटाला घट्ट धरत आणि ओरडत. आता चक्क ओरडत. पहिल्या दिवशी शेजारीण धावत आली होती. कळ उतरली की ते शर्टाबद्दल बोलत. "ही शिवण बघ, तिरकी आहे. रेडिमेडवाले मेले!" शेवटच्या आठवड्यात बोलणं बंद झालं, फक्त मनगट धरणं राहिलं.

ते गेले तेव्हा भिंतीवर कुठला फोटो लावायचा, असा प्रश्न आला. बाहेरगावाहून आलेल्या बहिणीने ताठ खांद्यांचा, वरचं बटण लावलेला फोटो निवडला. "हेच आपले अण्णा," ती म्हणाली. खटक्याने तिला हसरा फोटो दाखवला, तोही तिला आवडला, पण भिंतीवर मात्र तिला पहिलाच हवा होता. बायकोने नव्या मशीनवर तो मोठा करून छापला.

काही वर्षांनी स्टुडिओतला कॉम्प्युटर बदलायची वेळ आली. बायको जुन्या फाइली निवडत बसली होती. टॉवेलाच्या फोटोपाशी येऊन ती थांबली. "याचं काय करू?"

खटक्या खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. "अगं," तो म्हणाला, "त्या सात आठवड्यांतला त्यांचा चेहरा मला आठवतच नाही. मी मागे बसायचो ना. त्यांच्या पाठीचे मणके आठवतात, डोक्याचा वास आठवतो. तू समोर असायचीस. तोंड कसं दिसत होतं, ते तुला विचारायचं बरेच दिवस मनात आहे."

बायकोने माउसवरचा हात काढला. "थकलेलं दिसायचं," ती म्हणाली. जरा विचार करून पुन्हा म्हणाली, "कळ यायच्या आधी भुवया अशा व्हायच्या, आणि उतरली की मान किंचित मागे यायची, तुमच्या खांद्यावर. डोळे मिटलेले असायचे."

"आणखी?"

ती सांगत राहिली. बाहेर कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी येऊन काउंटरवर टकटक केली. "आले," असं ती तिथूनच ओरडली, पण दोघांपैकी कुणीच उठलं नाही.