टकळीची पंधरा मिनिटं

माझ्या लेकीला आम्ही टकळी म्हणायचो, कारण बोलायला लागली तेव्हापासून तिचं तोंड बंद म्हणून नव्हतं. झोपेतसुद्धा बडबडायची. आता ती चौदा वर्षांची आहे आणि माझ्याशी एक अक्षर बोलत नाही.

मी दातांच्या कवळ्या बनवते. दिवसभर कुणाकुणाच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून मेणात एकेक दात बसवायचा. जगाला बोलायला दात देणारी बाई, आणि तिच्याच घरात दातखिळी. हसा खुशाल. रडून झाल्यावर मीही हसले होते.

फोनला लगाम घालायची अक्कल मला पॉलिशवाल्याने दिली. तो माझ्या शेजारच्या टेबलावर कवळ्यांना चकाकी देतो आणि फुकट सल्ले वाटतो.

“ताई, पोरीच्या फोनवर हे ॲप टाका. किती वेळ बघायचं ते तुम्ही ठरवायचं. मेसेजही दिसतात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या कशाला द्यायच्या?”

घरी मी भीतभीत विषय काढला. नवरा दुसरीकडे संसार थाटून मोकळा झालेला, त्यामुळे वाईट व्हायचं काम माझ्या एकटीकडेच होतं. पण टकळी हसली. “टाक की! माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?” मला बटणं सापडेनात, तेव्हा तिनेच माझ्या फोनवर सगळं लावून दिलं. “आता तू माझी जेलर,” म्हणाली.

पुढच्याच आठवड्यात मेसेजमध्ये दिसलं, की तिची जिवाची मैत्रीण वर्ग चुकवून एका मोठ्या मुलाबरोबर मोटारसायकलवर हिंडते. मी त्या मुलीच्या आईला फोन केला. कुठली आई गप्प बसली असती, सांगा ना! मैत्रिणीचा फोन गेला, शाळाही बदलली. चुगली कुठून झाली ते सगळ्या वर्गाला कळलं, आणि टकळीच्या शेजारी कुणी बसेना.

त्या दिवशी ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. “तिने माझ्यावर विश्वास ठेवून सांगितलं होतं,” ती म्हणाली. “आणि मी तुझ्यावर ठेवला होता.”

तेवढंच. त्यानंतर तिने माझ्यासमोर तोंड उघडलेलं नाही. सुरुवातीला वाटलं, दुधाची उकळी आहे, बसेल आपोआप. मी मनधरणी केली, रागावले, माफी मागितली. ती जेवायची, ताट धुऊन ठेवायची आणि खोलीत जायची.

मग एक दिवस कामावर असताना माझा फोन थरथरला. ‘तुमच्या मुलीने पंधरा मिनिटं मागितली आहेत.’ खाली दोन बटणं, मान्य आणि अमान्य. दिवसाचे दोन तास मी ठरवून दिले होते, ते संपले होते. वाक्य यंत्राचं होतं, एवढं मलाही कळतं. पण मागितलं तिने होतं, आणि माझ्याकडे मागितलं होतं. मी मान्य दाबलं. त्या दुपारी मी वरचे दात खालच्या जबड्यात बसवले आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

त्या रात्री मी दोन तासांचा एक तास केला. काही दिवसांनी अर्धा. मागण्या वाढल्या. घरी असले की भिंतीपलीकडून यायच्या. मी भांडी घासता घासता ओल्या अंगठ्यानेच मान्य करायचे आणि ओरडायचे, “दिली गं!” पलीकडून उत्तर नसायचं, पण थोड्या वेळाने पुन्हा मागणी यायची. माझ्या अख्ख्या दिवसाचं संभाषण ते एवढं.

“पोरगी सुधारली म्हणता, मग वेळ का कमी करता?” पॉलिशवाल्याने विचारलं.

“शिस्त नको लावायला?”

“शिस्त लावणारं माणूस इतकं हसत नाही, ताई.”

मग मला हाव सुटली. एका रविवारी मागणी आली आणि मी अमान्य दाबलं. म्हटलं, आता बाहेर यावंच लागेल. नुसतं ‘आई’ म्हणाली तरी सगळं मोकळं करून टाकेन. पुन्हा मागणी आली, पुन्हा अमान्य. दार उघडलं तशी मी खुर्चीतून उठले.

तिने फोन टेबलावर ठेवला. शेजारी चार्जर, वायर नीट गुंडाळून. माझ्याकडे न बघता ती परत गेली आणि दार हलकेच लावून घेतलं. आपटलं असतं तरी चाललं असतं.

मी लगोलग सगळी बंधनं काढली. दाराशी जाऊन म्हटलं, “घे गं, हवा तितका वेळ घे. मी काही बघणार नाही, खरंच.” फोन तिच्या उंबऱ्यात ठेवला, तर सकाळी ती तो ओलांडून शाळेत गेली.

त्याच्या पुढच्या शनिवारी ॲपने आठवड्याचा हिशेब पाठवला. ‘अभिनंदन! या आठवड्यात तुमच्या मुलीचा वापर शून्य मिनिटं.’ खाली चांदण्या उडत होत्या. पॉलिशवाला डोकावून म्हणाला, “जिंकलात की!” हातातला साचा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. माझ्या पोरीला आता फोनही नको, मैत्रिणींना ती नको आणि मी तर तिला नकोच आहे. यातलं काय जिंकले मी?

अर्धा दिवस भरून घरी आले. टकळी खोलीत खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी दोन्ही फोन घेऊन टेबलाशी बसले. तिचा वेळ शून्य केला, तशी तिच्या फोनवर पाटी आली, ‘आणखी वेळ मागा.’ मी ती दाबली.

माझा फोन थरथरला. ‘तुमच्या मुलीने पंधरा मिनिटं मागितली आहेत.’

मी मान्य केलं. ती पंधरा मिनिटं संपेपर्यंत तिथेच बसून राहिले, आणि मग पुन्हा मागितली.