मिस्त्रींच्या घरचा बॉयलर

आमचे हे बॉयलरचे मिस्त्री. अख्ख्या गल्लीला गरम पाणी मिळायचं ते यांच्या जिवावर, आणि आमच्या स्वतःच्या घरचा बॉयलर मात्र सदानकदा कुरकुरत असायचा. काही म्हटलं की, "बघतो गं रविवारी." असे किती रविवार आले नि गेले, देवालाच ठाऊक.

मागच्या हिवाळ्यात लेकीने ते अलार्मचं यंत्र आणून बोळाच्या भिंतीला लावलं. बॉयलरचा विषारी वायू घरात साठला की कोकलणारं. त्या वायूला ना रंग ना वास, माणूस बसल्या जागी संपतो. लोकांच्या घरी हेच यंत्र लावा म्हणून आमचे हे हातापाया पडायचे. आपल्या घरी लागलं तर म्हणाले, "आता हे डबडं शिकवणार होय मला?" दोघा बापलेकीचं त्यावरून चांगलंच वाजलं.

त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं जड होतं. थंडीमुळे असेल म्हणून मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते, आणि ते यंत्र असं काही किंचाळायला लागलं की हातातली चादर पडली. हे मात्र क्षणात उठले, तेवढं श्रेय द्यायलाच हवं. बॉयलर बंद केला आणि मला नि लेकीला चपलासुद्धा घालू न देता अंगणात हाकललं. स्वतः मात्र उंबऱ्यावरून मागे वळले.

"अहो, कुठे निघालात?"

"धुराड्याचा जोड सुटला असणार. लावून येतो."

"दुसऱ्याकडे असं झालं तर काय करता? अग्निशमन दलाला बोलावता ना?"

"ती दुसऱ्याची घरं. इथे दलाची गाडी उभी राहिली तर सगळी गल्ली म्हणेल, मिस्त्रीच्याच घरी गळती. उद्यापासून कोण हात लावू देईल मला त्यांच्या बॉयलरला?"

आणि आतून कडी घातली. मी पाठोपाठ आत शिरेन, हे यांना ठाऊक होतं.

जोड कुठे सुटलाय ते बंद बॉयलरवर कळत नाही. तो पेटवायचा, दारं-खिडक्या लावायच्या आणि धुराड्याच्या एकेका जोडापाशी मेणबत्ती धरायची. ज्योत जिथे बाहेर ढकलली जाते, तिथे गळती. खिडकी उघडी असली तर झुळुकीने ज्योत फसवते. यांनी आयुष्यभर अशाच गळत्या शोधल्या. पण लोकांकडे आधी घर मोकळं करून, सगळी हवा खेळवून, दारात कामावरच्या जोडीदाराला उभं करून. आज जोडीदाराला बोलावलं नव्हतं. बोलावलं असतं तर त्याला कळलं असतं ना!

लेकीने सरळ दलाला फोन लावला. पलीकडून सांगितलं, कुणीही आत जाऊ नका, आम्ही निघालो. बॉयलर न्हाणीघरात होता, मी त्याच्या खिडकीखाली गेले. धुरकट काचेतून मेणबत्तीचा पिवळा ठिपका हलताना दिसत होता.

"अहो, या ना बाहेर! जिवावर उठलाय का?"

"सापडलं गं!" आवाजात केवढा आनंद.

"खड्ड्यात गेलं तुमचं सापडलेलं! बाहेर या!"

"झालंच. एवढा आवळतो."

पान्ह्याची ठकठक ऐकू आली. मग तीही थांबली. मी आणखी ओरडले. काय काय बोलले ते सांगायची सोय नाही. उत्तर नाही. आता मी तोंड सोडलं की गप्प बसायचं, ही यांची लग्नापासूनची खोड. "बसा रुसून," मी म्हटलं, "मलाही नाही बोलायचं." आणि खरंच, थोडा वेळ मी तोंड फिरवून उभी राहिले.

लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. "आई, ते रुसले नाहीयेत." तिने कुंडी उचलून काचेवर घातली. तेवढ्यात गाडी आली. मुखवटे घातलेल्या माणसांनी दार फोडलं आणि यांना उचलून आणलं. गाल लालसर होते, आत्ताच कढत पाण्याने अंघोळ करून आल्यासारखे. मला वाटलं, काही झालेलं नाही. अंगणातच त्यांनी बराच वेळ यांची छाती दाबली. मग एकाने हात थांबवला, आणि मी त्याला म्हटलं, "थांबू नका हो." तो थांबला होता.

यांना नेल्यावर दलाची प्रमुख, लेकीच्या वयाची पोरगी, आत गेली. दारं-खिडक्या उघडून हवा खेळवली, बॉयलर पुन्हा पेटवला, हातातल्या यंत्राने कोपरा न् कोपरा तपासला.

"काकू, आता घरात काही धोका नाही," ती बाहेर येऊन म्हणाली. "जोड अगदी चोख बसलाय. कुणी बसवला?"

"बाबांनी," लेक म्हणाली.

त्या पोरीने मान खाली घातली. मला मेलीला त्या क्षणीही अभिमान वाटला. चोख काम. आणि मग असा संताप आला की तो बॉयलर उपटून रस्त्यात फेकावासा वाटला.

सगळी गल्ली जमली होती. लाल गाडी दारात उभी होती, गळती कुठे झाली ते सगळ्यांना कळलं होतं. ज्याला आमचे हे भ्याले, ते सगळं होऊन गेलं होतं. शेजारीण पदराने डोळे पुसत जवळ आली आणि म्हणाली, "आता आमचा बॉयलर आम्ही कुणाला दाखवायचा गं?"

"हे त्यांना सांगायचं होतंस!" मी तिच्या अंगावर खेकसले. ती बिचारी दचकली. मग मी तिच्याच गळ्यात पडून रडले.