जुन्या सरसावर पांढरा गोंद

शाळेच्या सभागृहातला गॅलरीचा कठडा अण्णांनी दुरुस्त करून बसवला, त्याच संध्याकाळी त्यांच्या मुलीने विचारलं, "सांध्यांत वाळलेला जुना सरस खरवडला होतात ना?"

अण्णा रंधा पुसत राहिले. "वरून पांढरा गोंद भरपूर लावलाय. हत्ती बांधला तरी हलणार नाही."

दुसऱ्याच दिवशी चार वाजता कार्यक्रम होता, पोरं त्या कठड्याला रेलणार होती. पण चाळीस वर्षं सुतारकी केलेल्या बापाला खोटं कसं पाडायचं? तिने कठड्याचे उरलेले तुकडे घेतले. जुन्या सरसावर गरम सरस, जुन्या सरसावर पांढरा गोंद, कोऱ्या लाकडावर पांढरा गोंद, असे दोन-दोन सांधे चिकटवून आवळून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला तिने एकेका सांध्याला बादली टांगून वाळू ओतली. कोऱ्या लाकडाने भरली बादली पेलली. सरसावरच्या सरसानेही पेलली. जुन्या सरसावरचा पांढरा गोंद मात्र अर्ध्या बादलीतच सुटला.

अण्णा कधी मागे येऊन उभे राहिले, तिला कळलं नाही.

"दुसरा लाव."

या वेळी वाळू त्यांनी स्वतः ओतली, मूठमूठ. बादली पुन्हा अर्ध्यावरच खाली आली. सांध्याच्या सुटलेल्या तोंडावरून त्यांनी अंगठा फिरवला. काचेसारखं गुळगुळीत. लाकडाचा एक तंतूसुद्धा उपटला नव्हता; गोंद लाकडापर्यंत पोचलाच नव्हता.

"मी शाळेत फोन करते," ती म्हणाली.

"नको. मी करतो."

मुख्याध्यापिकेला ते म्हणाले, "बाई, गॅलरीत कुणाला सोडू नका. कठडा सुटेल."

"अहो, पाहुणे निघालेत. तीन वर्ग वर बसायचेत."

"खाली दाटीवाटीने बसवा. जिन्याला कुलूप घाला. चूक माझी आहे, मी येतोय."

दोघं पोहोचली तेव्हा मुलं खाली बसत होती. गॅलरीत जाऊन अण्णांनी कठड्याला तळहात लावून नुसतं रेटलं. मधला सांधा उघडला, खांब बाहेर कलला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि मुलीने मागून त्यांचा सदरा. खांब आत ओढून घेईपर्यंत दोघांनीही श्वास सोडला नाही.

अण्णा खाली बसले.

"कालच भांडायचं होतंस माझ्याशी."

"तुमच्याशी?"

"मग कुणाशी?" ते म्हणाले. "दोरी आण. आधी हा बांधू. उद्या सगळे सांधे सोडवून कोऱ्या लाकडापर्यंत खरवडायचे. तू तपासायचे."